बेंडाला चिनी माती

"चिनी माती? ती बरणयेक. मोटरसायकलीक कित्याक?" विठोबाने विचारलं.

"काकानू, हेका सिरॅमिक म्हणतत." सत्यवान मेकॅनिकने हातातला डबा खळखळ हलवून दाखवला. देवगडातल्या त्याच्या गॅरेजात विठोबाच्या मुलाची, स्वरूपची, मोटरसायकल उभी होती. इंजिनातून निघून पुढच्या फूटरेस्टजवळून मागे सायलेन्सरला जाणारा वाकडा पाइप, म्हणजे बेंड, सत्यवानने सोडवून घासूनपुसून ठेवला होता. "ह्यो लेप मारलो काय खाऱ्या हवेन गंजना नाय. आणि तापलो तरी चटको कमी. स्वरूपच म्हणालो, पायाक चटके बसतत."

विठोबाने आयुष्य होडीत काढलं. उधाणाला तो भीत नसे, पण दोन चाकांवर बसायला तो कधीच तयार होत नसे. डोकं मात्र भराभर चाले. स्वरूप बारा महिने जाड जीन्स घालतो. त्याला कसला चटका? चटका उघड्या पायाला. उघडा पाय साडीतला, नाहीतर परकरातला. म्हणजे पोराच्या गाडीवर कोणीतरी बसते.

रविवारी कसालचा धोंडू तारी येणार होता. त्याच्या मुलीची, रूपालीची, आणि स्वरूपची सुपारी फुटायची होती. विठोबाने शब्द दिला होता आणि दिलेला शब्द त्याने आजवर फिरवला नव्हता. स्वरूपही हो म्हणाला होता. फारच पटकन म्हणाला होता, असं आता विठोबाला वाटू लागलं.

घरी त्याची बायको पद्मावती बांगडे कापत बसली होती. सकाळी जामसंड्याच्या बाजारात मासे विकायचे, दुपारी घरचं बघायचं, असा तिचा दिवस.

"आयकतंस? तुझो झिल चेडवाक गाडयेर घालून फिरता."

कोयती थांबली. "कोणी सांगल्यान?"

"बेंडान." विठोबाने सगळा हिशोब उलगडून सांगितला. "आणि परवा गाडयेचो आरसो खाली वळवलेलो. मागे बसान त्वांड बघता सटवी!"

"बघीत असात." कोयती पुन्हा चालू झाली. "आणि गाडयेर बसला तर काय जाता?"

"लपान बसला ता वायट. गावली तर तंगडा मोडून हातात देतलंय."

"पयली गावांदे तरी," पद्मावती म्हणाली आणि बांगड्याचं डोकं उडवलं.

दुसऱ्या दिवशी विठोबा पुन्हा गॅरेजात. लेप मारून झाला होता, चांदीसारखा चमकत होता. पण तो पक्का व्हायला भट्टीत भाजावा लागतो, आणि गावात तेवढी मोठी भट्टी एका बेकरीवाल्याची. पाव बाहेर निघाल्यावर शनिवारी पाइप आत टाकायचं ठरलं होतं.

"तवसर कच्चो ऱ्हवतलो?"

"होय. पाय लागलो तर पायाक चिकटतलो."

"माका ताच व्हया. आज असोच बसवन दी गाडयेक."

सत्यवान काही सांगायला गेला, पण विठोबाला मध्ये बोललेलं खपत नसे.

मग दोन दिवस विठोबाने बंदरावर, नळावर, एसटी स्टँडवर मान खाली घालून फेऱ्या मारल्या. वाडीतल्या एकूण एक पोरीचे पाय बघून झाले. चांदी कुठेच नाही. शेवटी नळावर शेजारच्या रुक्मिणीने कळशी खाली ठेवून विचारलं, "काका, आमच्या पायात काय बघतास?"

"पैंजण. सुनेक करूचे आसत."

घरी आला तर पद्मावती अवेळी लुगडं धूत होती. माशांचं पाणी सांडलं म्हणाली. विठोबा तिच्याशी बोलायच्या मनःस्थितीत नव्हता.

शनिवारी बेंड भट्टीत भाजून निघाला. रविवारी सकाळी गाडी सुरू झाली तेव्हा अंगणभर पावाचा वास सुटला. स्वरूप कुठेतरी निघून गेला. पद्मावतीही पेढे आणायला जामसंड्याला गेली आणि अर्ध्या तासात डबा घेऊन परत आली.

"इतक्या बेगीन एस्टी गावली?"

"आज वाट बघूची लागली नाय," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत पळाली.

पाठोपाठ धोंडू ताऱ्याची जीप दारात येऊन थांबली. मंडळी पडवीत बसली, तोवर परतलेला स्वरूपही. पाणी झालं, पेढे फिरले. धोंडूने पेढा हातात धरला, पण तोंडात टाकला नाही.

"विठोबानू, सुपारी फोडूच्या आदी एक इचारू? वाटेत तुमच्या झिलाक बघलंय. गाडयेर एक बाय होती."

स्वरूप खांबाआड सरकला. दिलेला शब्द, वाडीतली अब्रू, सगळं पडवीतच बुडतंय असं विठोबाला वाटलं. खोटं बोलायचं त्याला जमत नसे.

"माका ठावक आसा," तो हात जोडून म्हणाला. "चार दिवस तिच्या मागार आसंय. पण तुमची शपथ, अजून धरूक गावली नाय."

आतून पद्मावती चहाचा ट्रे घेऊन आली. धोंडूने तिच्याकडे बघितलं आणि पेढा अख्खा तोंडात टाकला.

"तुमका ती काय गावता! माझी जीप तिका धरूक शकली नाय. जामसंड्याच्या चढार भुर्रकन फुडे गेली. झिल आपलो ह्योच पेढ्यांचो डबो मांडयेर घेवन मागे बसलेलो, आणि गाडी चालवी होती ती ही आमची विहीणबाय!"