आपोआप उघडलेलं पाकीट

पाकीट टक् करून आपोआप उघडलं. आत बसवलेल्या यांत्रिक नाकांनी बुरशीचं विष हुंगलं तर ही पाकिटं उघडतच नसत, त्यामुळे खाऊचा वास घेऊन बघायची सवय घराघरांतून कधीच गेली होती. कारखान्यात पाकिटांची नाकं जुळवणाऱ्या हेमलताने मात्र आज नाचणीची काडी नाकाशी धरली. ओल्या पोत्याचा वास आला.

"थांब, तुझ्या बाळाला देऊ नकोस!" ती भाचीला म्हणाली.

"आत्या, उघडलं ना ते? मग चांगलंच असणार," भाची हसली.

पावसाळी हवेत चांगल्या खाऊची पाकिटंही न उघडता अडून बसतात, म्हणून हेमलतानेच ती नाकं जराशी बोथट केली होती. हे सांगायला तिची जीभ रेटेना.

तेवढ्यात शेजारच्या घरातून, तिथेही एक लहान बाळ होतं, तसाच आवाज आला. टक्.