हात थांबला की

कट्टा गावचे डॉक्टर परुळेकर पार गोंधळून गेले होते. पेशंटच्या नोंदींचा त्यांचा जुना डॉस प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर टाइप करताना झकास चाले आणि हात थांबला की गोठून जाई. दुरुस्तीला आलेल्या जितेंद्रलाही कारण उमगेना.

"डॉक्टरानू, मधे मधे एक बटण दाबीत ऱ्हवा," एवढं सांगून तो गेला.

तसं बटण दाबतच डॉक्टरांनी तपासायला आलेल्या द्रौपदीला विचारलं, "काय होता गो?"

"पोटात दुखता." ती घुटमळली. बटण टकटकत राहिलं. "तुमी कामात आसात, मगे येतंय," म्हणत ती उठली.

डॉक्टरांनी बटणावरचा हात उचलला. "बस गो."

स्क्रीन गोठला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

ती परत बसली आणि पुटपुटली, "पोटात नाय... छातीत गाठ लागता हाताक."