शेताच्या कडा

कळपातली सगळ्यात देखणी मेंढी घेऊन एलदाद वेदीपाशी उभा होता. याजकाने तिचे डोळे, दात, खूर पाहिले. "निर्दोष आहे. पाप कोणतं?"

"सातूची कापणी केली तेव्हा शेताच्या कडा सोडल्या नाहीत. मागे पडलेल्या कणसांचा सरवा वेचायला आलेल्या मिल्काला हाकलून लावलं." एलदाद म्हणाला. "विधवा होती. लेकराला घेऊन यायची. उपासमारीने दोघंही गेली."

याजकाने त्याच्या हातात सुरी दिली. "मेंढीच्या डोक्यावर हात ठेव. अजाणता घडलं ना? हे अर्पण अजाणता घडलेल्या पापासाठीच असतं."

एलदादची बोटं लोकरीत रुतली. एका खोट्या शब्दावर सुटका होती. पण दरवर्षी विळा हातात देताना बाप सांगायचा, "कडा देवाने गरिबासाठी राखल्यात. त्या कापू नकोस."

"नाही," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

याजकाने सुरी काढून घेतली. "मग हिला घरी ने. देवाने तुझ्याकडे मेंढी मागितली नव्हती. कडाच मागितल्या होत्या."

मेंढी मुकाट त्याच्या मागोमाग आली. शेताशी पोचताच तिने भुकेने कडेला तोंड लावलं. पण त्याने इतकं बुडापासून कापलं होतं, की तिला तिथे एक काडीही मिळाली नाही.