शंभरातले वीस

"किती टक्के करू?" झेरॉक्सवाल्याने मशीनची काच पुसत विचारलं.

सून तोंड उघडणार तोच मागच्या बाकावरून सासूबाईंचं उत्तर आलं, "एकशेवीस." उत्तरं सासूबाईंनी द्यायची आणि पिशवी सुनेने धरायची, ही वाटणी घरातूनच ठरून आली होती.

सुनेने वही पुढे केली. पानावर अर्ध्या कॉलरीचा नमुना चिकटवलेला होता. सासूबाईंनी ज्या नमुन्यांवर चाळीस वर्षं शर्ट शिवले, ते मूळ कागद गेल्या वर्षी नळ फुटून भिजले आणि त्यांचा लगदा झाला. नशीब एवढंच, की वहीच्या पानात मावाव्यात म्हणून त्यांच्या लहान प्रती त्यांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. पुढे त्यांची बोटं आखडली आणि शिलाई मशीन सुनेकडे आलं.

मशीन आलं, यश काही आलं नाही. सुनेने शिवलेल्या दहाही शर्टांची कॉलर गळ्याला आवळत होती. सासरे बिचारे वरचं बटण लावून दोन मिनिटं धीराने बसत आणि कुणी बघत नाहीसं पाहून हळूच काढून टाकत. सासूबाईंचं निदान ठरलेलं होतं. शिवणीत फार कापड खातेस, हात बसलेला नाही तुझा. सुनेने शिवण बारीक केली, कॉलरी उसवल्या, पुन्हा शिवल्या. हल्ली तर भाजी चिरतानाही ती आपल्या बोटांकडे संशयाने बघायची. त्या दहा ज्या एकशेवीसच्या प्रतीवर बेतल्या होत्या ती आता फाटली, म्हणून दोघी नवी काढायला आल्या होत्या. आता ही अकरावी कॉलर, शेवटची. हीही बिघडली तर रविवारी मशीन नणंदेकडे जाणार होतं. नणंदेचा हात किती चांगला, हे घरात रोज एकदा तरी निघायचंच.

झेरॉक्सवाल्याने चष्मा कपाळावर चढवून वही डोळ्यांजवळ नेली. कोपऱ्यात सासूबाईंच्या अक्षरात 'ऐंशी टक्के' लिहिलेलं होतं. मूळ मापाचं हवंय का, असं त्याने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, तेच तर सांगतेय, वीस कमी केले होते, वीस वाढवायचे.

"मग सव्वाशे करावं लागेल, मावशी."

"अहो, वीस काढले, वीस घातले. यात पंचवीस आले कुठून?"

तो हसला नाही. दिवसातून एखादं तरी गिऱ्हाईक त्याला हेच विचारत असावं.

"काढलेत ते शंभरातले वीस. घालताय ते ऐंशीतले. ऐंशीचे वीस टक्के सोळाच होतात. झाले शहाण्णव."

सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजून पाहिलं, मध्येच थांबल्या, परत सुरुवात केली. तोवर झेरॉक्सवाल्याने दोन्ही प्रती काढल्या, एक एकशेवीसची आणि एक सव्वाशेची, आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

सुनेने पिशवीतून एक कापड काढलं. सासऱ्यांच्या जुन्या शर्टाची कॉलर होती ती, सासूबाईंच्या हातची. मापाला म्हणून तिने उसवून, इस्त्री करून आणली होती. दुमडून पहिल्या कागदावर ठेवली, तर कापड नखभर बाहेर आलं. अर्ध्या कॉलरीत नखभर, म्हणजे पुऱ्या कॉलरीत अर्ध्या इंचाच्या वर. मग तीच कॉलर तिने दुसऱ्या कागदावर ठेवली. कडेला कड लागली. बाक होता तिथे बाक आला, टोक होतं तिथे टोक.

तिला आधी आनंद व्हायला हवा होता. झाला राग, आणि रागापाठोपाठ डोळे भरून आले.

"दहाही बरोबर शिवल्या होत्या मी, आई," ती म्हणाली.

सासूबाई उठल्या. चष्मा लावून त्यांनी कापड स्वतःच्या हाताने एकदा या कागदावर ठेवलं, एकदा त्या. मग पुन्हा या. आखडलेल्या बोटांनी कडा दाबून बघितल्या. झेरॉक्सवाला खाली वाकून उगाचच कागदांचा गठ्ठा सारखा करू लागला.

"मशीन कुठे जात नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या नणंदेला मी सांगते."

सुनेने सव्वाशेची प्रत वहीत घातली. झेरॉक्सवाल्याने दुसरी उचलली आणि टेबलाखालच्या रद्दीच्या खोक्याकडे हात नेला.

"तो टाकू नका," सासूबाईंनी हात पुढे केला. "तो माझा आहे."

कागदाची नीट चौघडी करून त्यांनी तो स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि सुनेच्या हातातली पिशवी घेऊन बाहेर पडल्या.