प्रात्यक्षिकाचा पेशंट

“या आत. पेशंट झोपलेलाच आहे, करा सुरुवात,” बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कागद चाळत म्हणाल्या.

तिनं हात धुतले आणि ती कॉटजवळ गेली. दवाखान्याच्या मागची ही खोली आज परीक्षेसाठी रिकामी केली होती. कॉटवर साठीपुढचे एक गृहस्थ कुशीवर पडले होते. कपाळावर घाम, एक हात छातीवर. सोंग झकास वठलंय, तिला वाटलं.

शिकवणाऱ्या मॅडमनी वर्गात आधीच बजावून ठेवलं होतं. “प्रात्यक्षिकाला नाटक मंडळातला माणूस पेशंट म्हणून येतो. गेल्या खेपेला एकीला रडूच फुटलं. तुम्ही भुलू नका. शिकवलेला क्रम सोडू नका.”

वैद्यकीय सहायकाच्या त्या वर्गात बाकी सगळ्या विशीतल्या पोरी. त्या तिला मावशी म्हणत. या वयात हे काय डोक्यात घेतलंत, असं कुणी विचारलं की ती हसण्यावारी नेई.

खरं कारण होतं आप्पा, तिचे वडील. आप्पांना दुखण्यांची हौसच दांडगी. भाजीत मीठ कमी पडलं तरी त्यांना चक्कर यायची. त्या दुपारी ती बाहेर निघाली होती आणि ते म्हणाले, “बाळा, छातीत कसंतरीच होतंय गं.”

“आल्यावर बघू,” म्हणत तिनं चपला पायात सरकवल्या.

ती आली तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुणी तिला बोल लावला नाही. कुणीतरी लावायला हवा होता. मग ते असं आत रुतून बसलं नसतं.

“काका, मी तुम्हाला तपासते. चालेल ना?”

त्यांनी मान हलवली. “डॉक्टरांना बोलावता का जरा?”

“बोलावते हं. आधी नाडी बघू द्या. कधीपासून दुखतंय?”

“सकाळपासनं. पुढे नंबर लावून बसलो होतो. बसवेना, म्हणून इथे येऊन आडवा झालो.”

संवाद चोख पाठ केलेत, ती मनात म्हणाली. त्यांचं मनगट गार होतं. नाडी बोटांखालून निसटत होती. तिनं बीपीचा पट्टा बांधला, कान देऊन ऐकलं. आकडा भलताच खाली आला. पुन्हा पाहिलं, तरी तेच. परीक्षेच्या धांदलीत आपलंच काहीतरी चुकतंय, तिला वाटलं. तिनं ओशाळून बाईंकडे पाहिलं.

“आकड्याचं राहू दे. मी पद्धत बघतेय. पुढे चला.”

तेवढ्यात त्या गृहस्थांनी तिचा हात धरला. “घरी बोललो नाही मी. माझं रोजचंच असतं म्हणतात.”

ही परीक्षा आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी ती खाली वाकली आणि जे एका माणसाला म्हणायचं राहून गेलं होतं, ते या परक्या माणसाला म्हणाली.

“माझा विश्वास आहे तुमच्यावर. घाबरू नका. मी कुठेही जात नाही.”

“छान!” बाई म्हणाल्या. “पेशंटशी असंच बोलायला हवं. झालं तुमचं. पुढच्या मुलीला पाठवा.”

तिनं हळूच हात सोडवून घेतला. “काय जीव ओतता हो तुम्ही,” ती त्यांच्या कानाशी पुटपुटली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पुढची मुलगी आत गेली, दार लागलं. बाहेरच्या पोरींनी तिला घेरलं. “मावशी, कसं झालं?”

“झालं गं बाई, मनासारखं.”

ती बाकावर टेकली. डोळ्यांना धार लागली, पण कितीतरी दिवसांनी छातीवरचा धोंडा हलल्यासारखा वाटत होता. आप्पांनी आज नक्की पाठीवर थाप दिली असती.

ती पदरानं डोळे टिपत होती, तोच एक गोलमटोल माणूस धापा टाकत धावत आला. केसांना पांढरी पावडर फासलेली, गळ्यात मफलर.

“ताई, परीक्षा इथेच ना? बाई चिडल्या असतील हो, गाडीच पंक्चर झाली. पेशंटचं काम मला करायचंय.”