अल्लिकुळमची बाई

"हा सरळसरळ खून आहे," असं म्हणत दर्शनने कॉफीचा पेला टीपॉयवर आदळला.

खून झाला होता 'अल्लिकुळम'चा. तीस वर्षांपूर्वी दर शुक्रवारी लागणारी ती भुताची तमिळ मालिका आता नव्याने काढली होती, आणि तिचा पहिला भाग पाहून जुन्या भक्तांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. भक्त तसे तीनच. दर्शन, मीनाक्षी आणि ऊर्मी. तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावी, फॅक्टरी क्वार्टर्समध्ये एकत्र वाढलेले. चाळिशी आली तरी हे वेड काही सुटलं नव्हतं. म्हणून तर रविवारची झोप सोडून सगळे शोळिंगनल्लूरला दर्शनच्या फ्लॅटवर जमले होते.

"पण अंकल, सेम्म आहे की, एकदम भारी," मीनाक्षीचा कॉलेजात जाणारा मुलगा अद्वय म्हणाला. "तळ्यातून बाई येते, झोपलेल्या मुलाला ओढून नेते. मी तर घाबरलो."

"अरे, तेच तर! आमची बाई कुणाला ओढत नव्हती. ती त्या मुलाची आई होती. मेलेली. लेकराची काळजी वाटून तळ्यातून वर यायची, त्याच्या उशाशी बसायची. गाव तिला उगाच भ्यायचं."

"दिग्दर्शक तर म्हणतो, मूळ गोष्ट तशीच ठेवलीय."

"थापा मारतोय. त्या वेळी जन्मला तरी होता का तो?"

"जाऊ दे रे," मीनाक्षी म्हणाली. "आजकाल रक्त दाखवल्याशिवाय कुणी बघत नाही. आई येऊन नुसती बसते, हे कोण बघणार?"

"मग नाव तरी बदला! आपण चॅनलवाल्यांना भेटू या."

"हो, ते आपली वाटच बघत बसलेत."

ऊर्मी या भांडणात नव्हती. तिचं दुखणं वेगळं होतं, आणि ते आतल्या खोलीत चित्रं रंगवत बसलं होतं. तिच्या भावाची, विश्वजितची मुलगी भव्या. आठ वर्षांची. उन्हाळ्यात तिची आई गेली आणि तेव्हापासून पोरीची झोपच उडाली. डॉक्टर झाले, समुपदेशक झाले, देवाधर्माचंही करून झालं. शेवटी ऊर्मीने तिला अल्लिकुळमची गोष्ट सांगितली. गेलेली आई रात्री येते, दिसत नाही, पण उशाशी बसते. त्या रात्री भव्या थोडी सरकून, कडेला जागा ठेवून झोपली. सकाळपर्यंत उठली नाही.

हे औषध लागू पडतं, हे ऊर्मीला स्वतःवरून ठाऊक होतं. वडिलांची भुसावळहून आवडीला बदली झाली, त्याच वर्षी तिची आई गेली होती. क्वार्टर्सच्या लाइनीत टीव्ही एकाच घरी, विशालाक्षीमावशींकडे. मावशी तंजावरच्या मराठी. नव्या आलेल्या पोरांना तमिळचं ओ की ठो कळत नसे, म्हणून त्या टीव्हीचा आवाज अगदी बारीक करत आणि आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत सगळं सांगत. "बैसा गे, भिऊ नका. माय आहे ती त्याची. माय काय करील लेकराला?" मधूनच ऊर्मी, दर्शन, मीनाक्षी तिघांनाही परसातला कढीपत्ता आणायला पिटाळत. पोरं परत येईतो बाई तळ्यात गेलेली असे. पुढे मावशी तंजावरला परतल्या, तिथेच वारल्या. तळ्यातल्या बाईने मात्र ऊर्मीची कितीतरी वर्षं सोबत केली.

आता भव्याने हट्ट धरला होता की मला ती बाई बघायचीच. नवी मालिका येतेय, आपण मिळून बघू, असं ऊर्मी कबूल करून बसली होती. नशीब, आधी एकटीने बघितली. बाईने मुलाला ओढताच तिने टीव्ही बंद केला होता.

"मी तिला काय सांगू, मीना?" ती एकदम म्हणाली. "रोज विचारते. आज नाही, उद्या नाही, किती दिवस टाळू?"

तेवढ्यात भव्या आतल्या खोलीतून दाराशी आली. चॅनलशी तावातावाने भांडणं सोपं होतं, दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या या पोरीला तोंड देणं कठीण होतं.

"आत्या, ती अम्मा आज येणार ना टीव्हीवर?" भव्याने विचारलं. मराठी तिला येई ती घरापुरती. खेळणं, भांडणं, स्वप्नं, सगळं तमिळमध्ये. "तू प्रॉमिस केलेलंस."

ऊर्मीने तिला जवळ ओढलं.

"एक मिनिट," अद्वय फोनवरून नजर न काढता म्हणाला. "चॅनलने जुनी मालिकापण टाकलीय. नवीची जाहिरात म्हणून. पहिला भाग आहे इथे."

दर्शन ताडकन उठला. "लाव! मोठ्या टीव्हीवर लाव! बघ आता, खरी मालिका काय असते ते."

"आधी आपण बघून घेऊ या का?" मीनाक्षीने हळूच विचारलं.

"बघायचं काय त्यात?" ऊर्मी हसली. किती दिवसांनी हसली होती. "मला तोंडपाठ आहे." तिने भव्याला मांडीवर घेतलं. "बघ हं. ही बघ, आता येईल."

पडद्यावर ओळखीचं तळं आलं. भिजलेली वेणी, पांढरं पातळ, तीच बाई. अद्वयने आवाज वाढवला. भव्याने श्वास रोखून आत्याचा हात घट्ट धरला. बाई खोलीत आली, झोपलेल्या मुलाच्या उशाशी बसली, त्याच्या कानाशी वाकली आणि सावकाश, स्वच्छ तमिळमध्ये म्हणाली, "तुझ्या आईला मीच नेलं. आता तू चल."