तांबूचा निकाल

मुंबईच्या प्रयोगशाळेचा लिफाफा डॉक्टरांनी फोडला, तेव्हा मानसिंगराव पाटील टेबलावर उताणे पडले होते. सदरा छातीपर्यंत वर, धोतर बेंबीच्या खाली. पोटावर सात सुयांच्या सात लाल गाठी. आठवी सुई कंपाउंडरने उकळायला ठेवली होती. भिंतीवरच्या १९३८च्या कॅलेंडरवर तो रोज एक फुली मारत असे.

दाराशी कोंडाबाई धनगरीण बसली होती. पासलीच्या वरच्या वाडीतून भोरच्या दवाखान्यात ती दुसऱ्यांदा चालत आली होती. पहिल्या खेपेला तिच्या डोक्यावर पाटी होती आणि पाटीत तिचा मेलेला कुत्रा, तांबू. पाटलांना चावला म्हणून पाटलांच्या माणसांनी त्याला कुऱ्हाड घातली. डॉक्टरांचा निरोप होता, फक्त डोकं आणा, पण न फोडता; मुंबईला तपासायला पाठवायचंय. नुसतं डोकं नेलं तर दुसऱ्याच कुत्र्याचं म्हणतील, म्हणून तिनं अख्खा तांबू आणला.

तांबू पिसाळलेला निघाला, तर वाडीतली उरलेली पाच कुत्रीही मारायची, असा पाटलांचा हुकूम होता. वाडीमागं रान होतं, रानात बिबट्या होता, आणि बिबट्याला हुकूम वाचता येत नव्हता.

"मेंदूचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेत," डॉक्टर कागदावरून म्हणाले. "पिसाळल्याची खूण नाही. कुत्रा निरोगी होता. उठा पाटील, सुया बंद."

चौदातल्या उरलेल्या सात सुया वाचल्यावर माणूस सहसा उठतो. पाटील उठले नाहीत.

"मुंबईत बसून त्यांस्नी काय कळतंय? पिसाळल्यालंच व्हतं. म्या माज्या डोळ्यांनी बगितलंय."

"मागनं पोटरीला चावलं की वो," कोंडाबाई म्हणाली. "मागं बी डोळं हायती व्हय तुमाला?"

कंपाउंडर उकळत्या पाण्यात फार लक्ष घालून बघू लागला.

"डॉक्टरसायेब, माजा तांबू आजारी न्हवता न्हवं?"

"ठणठणीत होता."

"मग ठणठणीत कुत्रं पाटलास्नी का चावलं? ते बी पहाटं, माज्या मेंढवाड्यात?"

प्रश्न वैद्यकशास्त्रात बसत नव्हता. डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

"मी रस्त्यानं चाललो व्हतो," पाटलांनी छताला सांगितलं.

"मेंढवाड्यातनं रस्ता कवा काढला?"

"डॉक्टर, तुमी सुई द्या! चौदाच्या चौदा द्या. समद्या घेतल्या म्हंजी पिसाळल्यालं व्हतं, हे ठरलंच की."

"असं ठरत नसतं, पाटील."

"पोट माजं हाय!"

कोंडाबाई उठून टेबलाशी आली. "त्यास्नी काय टोचायचं ते टोचा. मला शिक्का मारून कागद द्या. तांबू तर गेला. बाकीची पाच जगली पायजेत."

"कागद द्यायचा न्हाई," पाटील उताणे पडल्या पडल्याच म्हणाले. हुकूम सोडायला ही बैठक बरी नव्हती.

डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला. कोंडाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद कंपाउंडरला दिला. त्यानं वाचला.

"आनि येकदा वाचा. जरा मोट्यानं."

त्यानं मोठ्यानं वाचला. बाहेर बाकावर खोकणारी माणसं खोकायची थांबली. पाटलांनी डोळे मिटून घेतले.

"पुढची सुई रोग्याच्या हट्टावरून दिली, असं वहीत लिहा," डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले आणि लशीची कुपी फोडली.

कोंडाबाईनं कागद पदराच्या गाठीत बांधला. दोनदा आवळला. निघता निघता कुपीकडे बोट केलं.

"ह्यात काय असतंय वो, सायेब?"

"लस. मेंढीच्या मेंदूपासून करतात."

"मेंढीच्या?"

"मेंढीच्याच."

तिनं पाटलांच्या पोटाकडे बघितलं. सुई टेकली.

"घ्या की मग, पाटील," ती म्हणाली. "हितं राखनीला कुत्रं न्हाई."